नवापूरच्या पोरीनं थिऑलॉजी शिकायला पुण्यालाच का जायचं?

खान्देशात धर्म कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. आषाढीच्या महिनाभर आधी मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते, श्रावणात घरोघर कानबाई बसते आणि रोट होतात, वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, सारंगखेड्याला दत्ताची, महानुभावांचे आश्रम तर किती गावांत आहेत, सातपुड्यात याहा मोगी या देवीला मानणारी आदिवासी माणसं आहेत, जळगाव-धुळ्याच्या जुन्या मोहल्ल्यांत मशिदी आहेत, आणि नवापूर-चिंचपाडा पट्ट्यात रविवारी सकाळी मावची-कोकणी आदिवासी पाड्यांमधून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेची गाणी ऐकू येतात. एवढं सगळं आजूबाजूला असताना माझ्या ओळखीच्या कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात धर्म हा विषय म्हणून शिकायची सोय नाही. तत्त्वज्ञानाचा एखादा पेपर असतो तिथे देवाच्या अस्तित्वाचे पुरावे वगैरे येतात, इतिहासात भक्ती चळवळ येते, मराठीत संतसाहित्य येतं, पण माणसं जे मानतात ते का मानतात, त्यांचे ग्रंथ कसे तयार झाले, त्यांच्यातल्याच विचारी लोकांनी त्यावर काय काय वाद घातले, हे बसून शिकायला जागाच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. धर्म हा विषय आपल्या साध्या, अनुदानित, तालुक्याच्या कॉलेजात शिकवला गेला पाहिजे आणि त्यात ख्रिस्ती थिऑलॉजी, म्हणजे धर्मशास्त्र, सुद्धा पाहिजे, ख्रिस्ती पोरांसाठीच नाही तर सगळ्यांसाठी. आणि शिकवायचं म्हणजे दिवाळी कधी, ईद कधी, नाताळ कधी असली जनरल नॉलेजची यादी नाही, तर त्या धर्माच्या आत बसून लोक जे प्रश्न विचारतात ते प्रश्न.

मी एका कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्याकडे एस.वाय.ला एक पोरगी आहे, नवापूरकडची, वडील मंडळीत वडीलजन, म्हणजे चर्चच्या कारभारातले ज्येष्ठ, आहेत. तिला थिऑलॉजी शिकायची आहे. पाळकसाहेब म्हणाले की पुण्याला सेमिनरीत जा. आता पुण्याच्या सेमिनऱ्या चांगल्याच आहेत, युनियन बिब्लिकल सेमिनरी आधी यवतमाळला होती ती १९८३ साली पुण्यात आली, कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ पासून तिथे आहे, आणि प्रोटेस्टंट बाजूचं बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी करायचं तर बहुतेक ठिकाणी डिग्री बंगालमधल्या सेरामपूरची मिळते. पण सेमिनरी ही मुळात चर्चचे सेवक, म्हणजे पाळक, घडवायची जागा आहे. अ‍ॅडमिशनला तुमच्या चर्चचं शिफारसपत्र लागतं, तुम्हाला देवाचं पाचारण आहे का ते विचारतात. त्यात चूक काहीच नाही, तो त्यांचा हक्क आहे. फक्त या पोरीला पाळक व्हायचं नाहीये, तिला समजून घ्यायचंय. आणि तिच्याच वर्गातला एक माळकरी पोरगा आहे, एरंडोलकडचा, तो तिच्यापेक्षा जास्त उत्सुक आहे, त्याने कुठे जायचं? त्याला कुठल्या चर्चचं पत्र मिळणार?

गंमत म्हणजे सेरामपूर कॉलेज १८१८ साली कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी सुरू केलं तेव्हा ते फक्त ख्रिस्ती पोरांसाठी नव्हतंच, कुठल्याही जातीधर्माच्या पोराला दार उघडं होतं, आणि संस्कृत-बंगालीपासून विज्ञानापर्यंत सगळं होतं. थिऑलॉजी एकीकडे आणि बाकीचं शिक्षण दुसरीकडे ही भिंत नंतर आली.

मागच्या वर्षी आम्ही लेक्चर संपल्यावर लायब्ररीच्या मागच्या खोलीत एक वाचन सुरू केलं. सिलॅबसबाहेरचं, मार्क नाहीत, हजेरी नाही. एक दिवस मी दोन झेरॉक्स वाटल्या, एकावर मार्कच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आणि दुसऱ्यावर लूकचा तेविसावा, दोन्हीत येशूला वधस्तंभावर दिल्याचा प्रसंग. (शुभवर्तमानं म्हणजे बायबलातली येशूची हकिकत सांगणारी चार पुस्तकं, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची.) शेजारी शेजारी ठेवून वाचा म्हटलं, पेन्सिलने खुणा करा. मार्कमध्ये येशू मोठ्याने ओरडतो की माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. लूकमध्ये ते वाक्यच नाही. तिथे तो मारणाऱ्यांना क्षमा कर म्हणतो, शेजारच्या चोराला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील म्हणून धीर देतो आणि शेवटी बापाच्या हाती आपला आत्मा सोपवतो. ती पोरगी बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, सर, आमच्याकडे गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, मला वाटायचं चौघांनीही सातही लिहिलेत. मग आम्ही चारही शुभवर्तमानं काढून मोजलं. मार्क आणि मत्तय मिळून तो एकच उद्गार, लूकमध्ये तीन, योहानात वेगळे तीन. सातची यादी ही नंतर मंडळीने चौघांचं एकत्र करून बनवलेली आहे.

तिने लहानपणापासून दरवर्षी ते ऐकलं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला मार्कचा येशू एकटा दिसला, बाकीचे सहा उद्गार काढून घेतल्यावर उरलेला. त्या आरोळीच्या आधीही आणि नंतरही मार्क त्याला सांत्वन देत नाही. आणि तेवढ्यात तो माळकरी पोरगा म्हणाला, पण सर, हे लोक येशूला देव मानतात ना, मग देवाने मला सोडलं असं देवच म्हणतोय का?

आता हा प्रश्न बघा. हाच प्रश्न घेऊन इ.स. ३२५ साली निकियाला बिशप लोक जमले होते. एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याने, म्हणजे देवाने, निर्माण केलेला आहे, सर्वात श्रेष्ठ पण निर्मितच, आणि अथनेशियसच्या बाजूचे म्हणत होते की नाही, जे पित्याचं तत्त्व तेच पुत्राचं. तिथे निकाल लागला तरी भांडण काही मिटलं नाही, ४५१ साली काल्सेदोनला परत बसावं लागलं, तेव्हा ठरलं की तो पूर्ण देवही आहे आणि पूर्ण माणूसही, दोन्ही स्वभाव मिसळून जात नाहीत आणि वेगळेही होत नाहीत. हे सूत्र मी नुसतं फळ्यावर लिहून दिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं, गाईडमधून पाठ करून लिहिलं असतं. पण प्रश्न पोराने स्वतः विचारला होता, म्हणून पुढचे दोन तास कुणी घड्याळ बघितलं नाही. आणि हा पोरगा घरी हरिपाठ म्हणतो, त्याला सगुण-निर्गुणाचं कोडं लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे काल्सेदोनच्या लोकांची अडचण त्याला जी कळली ती कदाचित जन्मापासून चर्चला जाणाऱ्यालाही पटकन कळणार नाही. मी थिऑलॉजी सगळ्यांना शिकवा म्हणतो ते यासाठी. बाहेरून आलेला माणूस आतल्याला न सुचणारं विचारतो.

आणि हे सगळं आपल्याला परकं आहे का? अजिबात नाही. एम.ए. मराठीला आम्ही महानुभावांचं लीळाचरित्र शिकवतो. चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभटाने गावोगाव फिरून, ज्यांनी जे पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून लीळा गोळा केल्या, परंपरा सांगते की पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि मग आठवणीतून ती परत लिहावी लागली, म्हणून आज तिचे वेगवेगळे पाठ आहेत. शुभवर्तमानांची गोष्ट याच्या किती जवळची आहे बघा. येशूनंतर काही दशकं आठवणी तोंडोतोंडी फिरल्या, मग मार्कने, बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यात आधी, साधारण इ.स. ७० च्या आसपास त्या लिहिल्या, मत्तय आणि लूकने त्याचंच लिखाण समोर ठेवून आपापल्या लोकांसाठी त्यात भर घातली, काही गाळलं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांची श्रद्धा काय कमी झाली होती का? उलट श्रद्धा होती म्हणूनच चुकीची ओवी त्यांना सहन होत नव्हती. ज्या पोराने हे पाठभेदाचं काम मराठीत पाहिलंय त्याला बायबलचा अभ्यास करायला वेगळं ट्रेनिंग लागत नाही. आणि जो बायबल असं वाचायला शिकेल तो उद्या आपल्या गावच्या देवस्थानाचं माहात्म्य सुद्धा तसंच वाचेल, ही मला यातली सगळ्यात मोठी कमाई वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. हे धर्मांतराचं काम आहे. आमच्या भागात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, हा विषय किती तापलेला आहे ते मी रोज बघतो, त्यामुळे मी तो आक्षेप हलक्यात घेत नाही. पण वर जो तास सांगितला तो परत डोळ्यासमोर आणा. दोन झेरॉक्स, पेन्सिल, विसंगती शोधणं, कोण आधी लिहिलं कोण नंतर, कुणी काय बदललं आणि का. ज्याला एखाद्याला ख्रिस्ती करायचं असेल तो माणूस असा तास घेईल का? आणि ज्याला ख्रिस्ती माणसाला परत आणायचं असेल त्यालाही हा तास कामाचा नाही, कारण तिथे त्या श्रद्धेकडे गांभीर्याने बघतात. नियम साधे ठेवायचे. वर्गात प्रार्थना नाही, चर्चमध्ये हजेरी नाही, देवळातही नाही. परीक्षेत तुम्ही काय मानता हा प्रश्न कधीच येणार नाही. पाळकसाहेबांना एक दिवस बोलवा, कीर्तनकार महाराजांनाही बोलवा, मौलानांना बोलवा, पण मार्क देणारा माणूस तो विषय शिकलेला मास्तर असेल.

कायद्याचं म्हणाल तर राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं की पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत कुणावर त्याची सक्ती करता येणार नाही. बरेच प्राचार्य एवढं ऐकून हात वर करतात. पण डी.ए.व्ही. कॉलेजच्या केसमध्ये १९७१ साली आणि नंतर अरुणा रॉय यांच्या केसमध्ये २००२ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की एखाद्या धर्माची उपासना-कर्मकांड शिकवणं वेगळं आणि धर्माचा, त्याच्या विचारांचा अभ्यास करणं वेगळं, दुसऱ्याला मनाई नाही. त्याआधी राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये कॉलेजच्या पोरांना धर्मसंस्थापकांची चरित्रं, धर्मग्रंथांतले वेचे आणि मग धर्माच्या तत्त्वज्ञानातले प्रश्न शिकवा असं सुचवलं होतं, कोठारी आयोगानेही १९६४-६६ मध्ये धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यात फरक केला. मद्रास विद्यापीठात, म्हैसूर विद्यापीठात ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचे विभाग आहेत, सरकारी विद्यापीठात, पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अभ्यासाचा विभाग आहे. यूजीसीच्या नेट परीक्षेत धर्मांचा तुलनात्मक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे देशात हे सगळं चालू आहे, आपल्याकडेच नाही.

आणि ख्रिस्ती धर्म हा इंग्रजांनी आणलेला, म्हणून तो शिकायचाच कशाला असंही ऐकायला मिळतं. केरळात ख्रिस्ती माणसं इंग्रज काय, पोर्तुगीज येण्याच्याही शेकडो वर्षं आधीपासून आहेत. उलट ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते, धंद्याला त्रास होईल म्हणून, १८१३ च्या चार्टर अ‍ॅक्टपर्यंत त्यांना अधिकृत परवानगी नव्हती, त्यामुळेच कॅरीला डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरला राहावं लागलं आणि तिथून १८०५ साली त्याने मराठीचं व्याकरण छापलं. त्याहून कितीतरी आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण आलं, ओवी छंदात, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे आणि त्यांची पदं आजही आपल्याकडच्या मंडळ्यांत उपासना संगीतातून गातात, टाळ-ढोलकीवर. हे मराठीच आहे हो सगळं. फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचं सुबोध बायबल उघडून बघितलं असेल हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

दुसरा आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो आणि मला तो जास्त अवघड वाटतो. त्या पोरीच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं, सर, हे सगळं वाचून तिचा विश्वास गेला तर? मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. काहींचा जातो. जगभरच्या सेमिनऱ्यांतही पहिल्या वर्षी काही पोरं हलतात, उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायात निर्मितीची दोन वेगळी वर्णनं आहेत हे कळलं की हादरतात. कॉलेजचं काम विश्वास टिकवणं नाही आणि मोडणंही नाही. पण मी त्यांना पंडिता रमाबाईंचं सांगितलं. त्या १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या आणि लगेच आपल्याच गुरूंशी, ज्या सिस्टर जेराल्डिनने त्यांना घडवलं तिच्याशी, पत्रातून वाद घालत बसल्या. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा, सिद्धांत मला पटत नाही, बायबलात दाखवा, तुम्ही सांगता म्हणून मी मानणार नाही, असा सगळा सूर. त्या काळच्या लोकांना वाटलं ही बाई धर्म सोडते की काय. तीच बाई पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकली, मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणलं, आश्रमातल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले, आणि १९२२ ला त्या गेल्यानंतर १९२४ साली ते पूर्ण छापून आलं. प्रश्न विचारणारीनेच ते काम केलं, मुकाट मान हलवणाऱ्याने नाही. वडील म्हणाले बघतो. पोरगी अजून येते वाचायला.

पुरोगामी मित्रांचा आक्षेप असा की कॉलेजात आधीच धर्म जास्त झालाय, तू अजून कशाला घुसवतोस. मी त्यांना म्हणतो, अरे तोच तर मुद्दा आहे. ऑफिसात सत्यनारायण आहे, हॉलमध्ये सरस्वतीपूजन आहे, गणपती आहे, नवीन अभ्यासक्रमात भारतीय ज्ञानप्रणालीचे क्रेडिट आहेत. धर्म आत आलेलाच आहे, फक्त त्याला प्रश्न विचारायची जागा आत आलेली नाही. तुम्ही विषय म्हणून दार बंद केलं तर पोरं काय धर्माविना राहतात का, ती व्हॉट्सअ‍ॅपवर शिकतात.

एकच उदाहरण देतो. आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तर त्याची अनुसूचित जमातीची सवलत राहते की जाते, यावर आमच्या पोरांमध्ये हातघाईपर्यंत वाद झालेला मी पाहिलाय. वर्गात विचारलं तर बहुतेकांना हे माहीतच नव्हतं की १९५० च्या आदेशात अनुसूचित जातींसाठी धर्माची अट आहे, आधी फक्त हिंदू, मग १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, पण अनुसूचित जमातींसाठी अशी धर्माची अट नाही. ती असावी की नसावी यावर जोरात भांडा, डीलिस्टिंगची, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढायची, मागणी बरोबर की चूक यावर भांडा, लोकशाही आहे, पण आधी आज काय आहे ते तर माहीत असू द्या! आणि त्याच्या पुढे जाऊन, भिलांमध्ये १९३७-३८ साली तळोद्याकडच्या मोरवडला गुला महाराजांनी आरतीची चळवळ उभी केली, दारू सोडा, स्वच्छ राहा म्हणून हजारो माणसं जमायची, ती का उभी राहिली, ख्रिस्ती मिशन पाड्यांवर का रुजलं, वारकरी माळ काही पाड्यांवर कशी गेली, हे तिन्ही एकत्र ठेवून अभ्यासले तर आदिवासी माणूस हा कुणीतरी फसवलेला बिचारा नाही, तो स्वतः विचार करून निवड करणारा माणूस आहे एवढं तरी दिसेल.

थिऑलॉजीचा आणखी एक भाग आहे जो मला मनापासून आपल्या पोरांना द्यावासा वाटतो, तो म्हणजे बायबलातलं ईयोबाचं पुस्तक. बोंडअळीच्या वर्षी, २०१७ ला, आपल्याकडे कापसाच्या शेतात काय परिस्थिती होती ते सगळ्यांना आठवतं. कुणी गेलं की दारावर बसायला येणारी माणसं काय बोलतात तेही आपल्याला माहीत आहे. त्याचं नशीब, मागच्या जन्मीचं काहीतरी, देव परीक्षा बघतो. ईयोब हा नीतिमान माणूस, त्याची गुरंढोरं जातात, पोरं जातात, अंगभर गळवं होतात आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो. त्याचे तीन मित्र येतात, सात दिवस गप्प बसतात, आणि मग तोंड उघडतात ते हेच सांगायला की तू काहीतरी पाप केलं असणार, देव उगाच कुणाला शिक्षा देत नाही. अध्यायामागून अध्याय तेच. ईयोब ऐकत नाही, तो देवालाच कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव कुणावर रागावतो? देवाची बाजू घेणाऱ्या त्या मित्रांवर! म्हणतो, माझा सेवक ईयोब जसा खरं बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. धर्मग्रंथातच असं लिहिलेलं आहे की दुःखात पडलेल्या माणसाला त्याचा हिशेब समजावून सांगणारा धार्मिक माणूस चुकतो. हे वाचलं तेव्हा आमच्या खोलीत ज्याच्या घरात असं झालंय असा एक पोरगा होता. तो काहीच बोलला नाही, पण पुढच्या वेळी त्याने विचारलं की कर्मसिद्धांतात याचं उत्तर काय आहे, आणि खरंच शोधायला लागला. ईयोब वाचून तो कर्मसिद्धांताच्या पोथ्यांकडे वळला, आता सांगा याला धर्मांतर म्हणायचं का.

राहिला नोकरीचा प्रश्न, जो पालक पहिल्यांदा विचारतात. "हाई शिकीसन काय करशी रे भाऊ, नोकरी लागी का?" खरं उत्तर असं की या एका पेपराने नोकरी लागणार नाही, जशी इतिहासाच्या एका पेपराने लागत नाही. नेट-सेट करून प्राध्यापकीकडे जाता येईल, समाजकार्य, पत्रकारिता, वकिली, पोलीस किंवा महसूल खात्यात जाणाऱ्या पोराला रोज उपयोग होईल, कारण खान्देशात तलाठ्यालाही धर्माच्या भानगडीत पडावंच लागतं. यापेक्षा जास्त आश्वासन मी देणार नाही.

आता कसं करायचं ते. नवीन शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह आहेत, कुठल्याही शाखेचं पोरगं घेऊ शकतं. एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे तीस तास. आपल्याकडे मोह असा होणार की या तीस तासात आठ धर्म बसवू, म्हणजे धर्माला पावणेचार तास, सगळ्यांना समान न्याय, कुणाची तक्रार नको. तसं करूच नका. त्यातून फक्त यादी पाठ होईल. तीस तासात एक ग्रंथ घ्या आणि हळू वाचा. मार्कचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे, मोठ्याने वाचलं तर दीड-दोन तासात संपतं, ते एवढं छोटं आहे की एका सेमिस्टरमध्ये ओळ अन् ओळ बघता येते, सोबत निकिया आणि काल्सेदोनचे वाद, रमाबाईंची पत्रं, टिळकांची पदं. पुढच्या सेमिस्टरला दुसरा धर्म, दुसरा ग्रंथ.

शिकवणार कोण म्हणाल तर सुरुवातीला तत्त्वज्ञान, मराठी, इतिहास या तिन्ही विभागांतले मास्तर मिळून शिकवू शकतात, महिनाभराचा रिफ्रेशर ठेवला तर पुण्याच्या सेमिनऱ्यांमधली माणसं आनंदाने येतील. जागाही आपल्याकडे आहे आणि परंपराही आहे. अमळनेर म्हटलं की लोकांना विप्रो आठवते, पण त्याच्या कितीतरी आधी, १९१६ साली, श्रीमंत प्रताप शेठनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, देशभरातून विद्वान तिथे येऊन राहायचे, मलकानींसारखा वेदान्ताचा अभ्यासक तिथे वर्षानुवर्षं राहून तत्त्वज्ञानावर इंग्रजीतून त्रैमासिक चालवायचा, साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी तिथेच शिकायला. तेच साने गुरुजी १९३२ ला धुळ्याच्या जेलमध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेत होते, पुढे त्यांनी पैगंबरांचं चरित्र लिहिलं, आणि विनोबांनी कुराणाचं सार काढलं, ख्रिस्तधर्माचं सार काढलं. धुळे-अमळनेरच्या मातीत हे झालेलं आहे, आपण काही नवीन मागत नाही.

मसुदा मी तयार केलाय. पहिल्या सेमिस्टरला मार्क, दुसऱ्याला लीळाचरित्राचा पूर्वार्ध, तिसऱ्याला ईयोब आणि त्याच्यासोबत कर्मविपाकावरचे उतारे, नंतर कुराणातल्या निवडक सुरा आणि धम्मपद. नमुना प्रश्नपत्रिका पण केलीय, त्यात पहिलाच प्रश्न असा आहे की मार्क आणि लूक यांच्या वधस्तंभाच्या वर्णनात कोणता फरक दिसतो आणि तो का असावा, दोन शक्यता मांडा. जळगावला विद्यापीठात बोर्ड ऑफ स्टडीजवर, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर, जी माणसं आहेत त्यांच्यातल्या कुणाला ग्रंथांची निवड पटली नाही तर त्यांनी माझा मसुदा फाडून दुसरा करावा, माझी काही हरकत नाही, पण येत्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय घ्यावा. तत्त्वज्ञान, मराठी किंवा इतिहासाच्या ज्या शिक्षकांना यातला एखादा ग्रंथ शिकवायची तयारी आहे त्यांनी आपापल्या प्राचार्यांकडे लेखी द्यावं, म्हणजे शिकवायला माणूस नाही हे कारण तरी मीटिंगमध्ये पुढे येणार नाही.